कोफ लोकोचा जन्मदाखला कसा वाचायचा

दोन आस, पुढे लांबट बॉनेट, मागे ठेंगणी कॅब. जर्मनीतल्या एखाद्या संग्रहालयात किंवा कारखान्याच्या साइडिंगवर असा छोटा डिझेल शंटर (डबे हलवणारा, लावणारा-काढणारा लोको) दिसला की बहुतेक जण त्याला 'कोफ' (Köf), म्हणजे जर्मन रेल्वेचा छोटा डिझेल लोको, म्हणतात. बरेचदा ते चुकीचं असतं. ड्यूट्झसारख्या कंपन्या कारखान्यांनाही साधारण अशाच चेहऱ्यामोहऱ्याचे लोको विकत होत्या, आणि त्यांना रेल्वेचा नंबर कधी मिळालाच नव्हता. उलट रेल्वेने काढून टाकलेले खरे कोफ पुढे कारखान्यांत गेले आणि तिथे त्यांच्यावर नुसतं '1' किंवा '2' रंगवलं गेलं. म्हणून रंग आणि रंगवलेला नंबर शेवटी पाहायचा. सुरुवात लोखंडापासून करायची.

सोबत 10 मीटरची टेप, टॉर्च, चिंधी, पातळ कागद आणि मऊ पेन्सिल घ्या. रुळावर उतरण्याआधी मालकाची परवानगी घ्या. लोको जागचा हलणार नाही याची खात्री त्यांच्याच माणसाकडून करून घ्या. चाकाखाली लाकडी ठोकळा दिसला नाही तर खाली वाकू नका.

हा लोको जन्माला का आला, ते आधी समजून घेतलं तर पुढचं सगळं पटापट उलगडतं. लहान स्टेशनांवरची मालगाडी प्रत्येक ठिकाणी डबे लावत-काढत थांबायची आणि तेवढा वेळ तिचा मोठा वाफेचा लोको अडकून पडायचा. त्यावर उपाय म्हणून जर्मन राइशबाननं, म्हणजे तेव्हाच्या जर्मन सरकारी रेल्वेनं, 1930 पासून छोट्या लोकोंच्या चाचण्या सुरू केल्या. लोको स्टेशनचाच असायचा. गाडी यायच्या आत तो डबे लावून ठेवायचा आणि गेल्यावर वाटून द्यायचा. चालवायला पूर्ण शिक्षण झालेला ड्रायव्हर लागत नसे, स्टेशनवरच्याच माणसाला तेवढ्यापुरतं शिकवलं जाई. तोच लोको चालवणार, तोच उतरून कपलिंग जोडणार आणि पुन्हा चढणार. कॅबचं जोतं इतकं खाली का, याचं उत्तर इथे आहे. दिवसातून कितीतरी वेळा चढ-उतर करणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांचा विचार करून ती पायरी ठरवली आहे.

आता मोजमाप. आसांमधलं अंतर मोजायला आसाचा मध्य शोधत बसू नका. एका चाकाची पुढची कड ते त्याच बाजूच्या दुसऱ्या चाकाची पुढची कड इतकं मोजा, अंतर तेच येतं. या लोकोंचे शक्तीप्रमाणे तीन गट आहेत. दुसऱ्या गटात हे अंतर 2500 मिमी असतं. 2800 मिमी आलं तर समोर तिसऱ्या गटाचा, 240 अश्वशक्तीचा थोरला भाऊ उभा आहे. बफरपासून बफरपर्यंत दुसऱ्या गटाची लांबी 6450 मिमी असते, तिसऱ्याची 7830. चाकाचा व्यास दुसऱ्या गटात 850 मिमी आणि तिसऱ्यात 950, पण चाकं झिजतात, त्यामुळे नुसत्या चाकावरून निवाडा करू नका. चाकाचा उपयोग झीज पाहायला होतो. रुळाच्या माथ्यापासून आसाच्या मध्यापर्यंत दुसऱ्या गटाच्या नव्या चाकाला 425 मिमी भरतात. कमी भरले तर तेवढी कड झिजली किंवा खरडून काढली गेली, असं समजा.

पुढे आणि मागे, दोन्ही आसांजवळ हे मोजा. फरक आला तर लिहून ठेवा. गिअरपेटीतून निघालेल्या दोन साखळ्या एकेक आस फिरवतात, म्हणून दोन्ही आसांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. एक चाक दुसऱ्यापेक्षा लहान असेल तर दोन्ही चाकं सारखं अंतर कापू शकत नाहीत. मग एक जोडी रुळावर घसरते, आणि ती ओढाताण आधी साखळीवर, मग दातऱ्यावर, म्हणजे साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, येते. साखळी दिसत असेल तर टॉर्चच्या उजेडात दात पाहा. ते एका बाजूने वाकडे, हुकासारखे झाले असतील तर साखळी लांबली आहे. ठराविक कड्यांचं अंतर मोजून मूळ मापाशी ताडायचं. औद्योगिक रोलर साखळी 3 टक्के लांबली की बदलायची, हा सर्वसाधारण नियम. म्हणजे मुळात 1000 मिमी भरणारा तुकडा 1030 भरला की तिचं आयुष्य संपलं. बोटं मात्र साखळी आणि दातऱ्यामध्ये कधीही घालू नका, लोको वर्षानुवर्षं बंद असला तरी.

यानंतर कॅब. क्लचचं पेडल आणि गिअर बदलायचा दांडा दिसला तर गिअरपेटी यांत्रिक आहे. ते नसतील तर बहुधा फॉइट या कंपनीची द्रवचलित पेटी आहे. तिच्यात इंजिनची शक्ती तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते, त्यामुळे जड डबे झटका न देता हलतात. शंटिंगला हे वरदानच, आणि नवशिक्या हातांना तर जास्तच. मग ब्रेक पाहा. मूळ लोकोंना पायाने दाबायचा ब्रेक होता, म्हणजे माणसाचं वजन हीच ब्रेकची ताकद. बफरच्या पट्टीवर हवेचा नळ लोंबत असेल तर हवेचा ब्रेक आहे. कॅबला पूर्ण दारं दिसली म्हणून लोको नंतरचा समजू नका. सुरुवातीच्या कॅब बाजूंनी उघड्या होत्या, आणि त्यांतल्या अनेकांना दारं पुढे बसवली गेली.

इंजिनवरच्या पाटीवरून लोकोचं वय काढणं ही सर्रास होणारी चूक आहे. युद्धानंतर ड्यूट्झ आणि केल्बले कंपन्यांची नवी इंजिनं आली, ड्यूट्झचं 128 अश्वशक्तीचं. ती जुन्या सांगाड्यांतही बसवली गेली. त्यामुळे 1930च्या दशकातल्या चौकटीत 1950च्या दशकातलं इंजिन हे अगदी नेहमीचं दृश्य.

आता नंबर. जुन्या पद्धतीत आधी अक्षरं आणि मग आकडे. 'के' म्हणजे छोटा लोको. वर दोन टिंबं असलेला 'ओ' म्हणजे तेल, अर्थात डिझेल. त्याजागी 'बी' असेल तर पेट्रोल जातीच्या इंधनावरचं इंजिन. शेवटचा 'एफ' म्हणजे द्रवचलित पेटी, आणि तो नसेल तर यांत्रिक. आकडे शक्तीचा गट सांगतात: 4000च्या खाली पहिला गट, 4000पासून दुसरा, 10000च्या पुढे तिसरा. यात एक गंमत नीट ध्यानात ठेवा. यांत्रिक पेटी काढून फॉइटची बसवली की 'एफ' वाढायचा, आकडा मात्र तोच राहायचा. म्हणून जुन्या फोटोत 'एफ' नसला आणि आकडा जुळत असला तर तो तुमचाच लोको आहे, फोटो फक्त बदलाच्या आधीचा.

1968 साली पश्चिम जर्मनीच्या रेल्वेने अक्षरं काढून सहा आकडे आणि एक पडताळा आकडा दिला. दुसऱ्या गटाला 321 ते 324 हे वर्ग मिळाले. 323 म्हणजे तासाला 45 किलोमीटरचा. आधीचे बरेचसे 30चेच होते. पूर्व जर्मनीने 1970 साली या लोकोंना 100 हा वर्ग दिला. रंगवलेला नंबर खरा की कोणी हौसेने लिहिला, ते पडताळ्यावरून काढता येतं. समजा 323 852-4 लिहिलंय. सहा आकड्यांना डावीकडून ओळीने 1, 2, 1, 2, 1, 2ने गुणा: 3, 4, 3, 16, 5, 4. दोन अंकी उत्तराचे अंक मिळवा, 16चे 7. बेरीज 26. पुढच्या दशकापर्यंत, म्हणजे 30पर्यंत, 4 कमी. जुळलं. बेरजेच्या शेवटी शून्यच आलं तर पडताळाही शून्य. न जुळणारा नंबर हमखास चुकीचा. जुळणारा नंबर अस्तित्वात असू शकतो, पण तो याच लोकोचा आहे हे त्यावरून ठरत नाही.

नव्या नंबरावरून जुना नंबर गणिताने काढता येत नाही. दोघांना जोडणारा दुवा एकच, कारखान्याचा क्रमांक. कॅबच्या बाजूला कारखान्याची पाटी शोधा: मोसबाखची ग्माइंडर, कोलोनची ड्यूट्झ, म्युनिकची क्राउस-माफाइ, राइने गावची विंडहोफ, किंवा युंगेनटालची युंग. माथेरानच्या गाडीत बसलेल्यांना ही युंग परकी वाटू नये, 1950च्या दशकात नेरळ-माथेरानसाठी जोडबांध्याचे डिझेल लोको याच कारखान्यातून आले. पाटीवर कंपनी, गाव, क्रमांक आणि वर्ष असतं. रंगाच्या थरांखाली आकडे बुजले असतील तर खरवडू नका. चिंधीने पुसा, कागद घट्ट धरा आणि पेन्सिल आडवी घासा. डोळ्यांना न दिसणारा 3 की 8 कागदावर उमटतो.

पाटीचे चार स्क्रू काढले की पाटी निघते, म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबू नका. चौकटीवर आणि बफरच्या पट्टीवर ठोकलेले आकडे शोधा. पट्टीवर शेवटच्या मोठ्या तपासणीची तारीख रंगवलेली असते, तीही उतरवून घ्या. ठोकलेला क्रमांक पाटीशी जुळला तर कारखान्याच्या पुरवठा यादीत तो शोधा. नाही जुळला तर दोन्ही लिहा. सुट्या भागांवर दुसऱ्याच लोकोचा क्रमांक असणं स्वाभाविक आहे, कारण दुरुस्तीत भाग अदलाबदल होत. वजन मात्र चौकटीवरच्या क्रमांकाला द्या. चौकट सहसा बदलत नाहीत.