इंडस टॉवर्स की जीटीएल इन्फ्रा? भाव नंतर बघा, येणी आधी

दोन्ही कंपन्या मोबाइल ऑपरेटरना टॉवर भाड्याने देतात. जीटीएल इन्फ्राचा शेअर अगदी थोड्या रुपयांत मिळतो, इंडस टॉवर्सला काहीशे मोजावे लागतात, म्हणून जीटीएल स्वस्त, असं सांगणाऱ्याला हात जोडा. जीटीएलचे सुमारे 1,280 कोटी शेअर आहेत. भाव 2 रुपये धरला तरी बाजारमूल्य 2,560 कोटींवर जातं आणि कर्ज वेगळंच.

दोन्ही कंपन्यांचे तीन वर्षांचे वार्षिक अहवाल आणि आठ तिमाहींचे निकाल उघडून ठेवा.

आधी भाडेकरू, म्हणजे टॉवर वापरणारे ऑपरेटर, मोजा. एका टॉवरवर दुसरा ऑपरेटर आला की खर्च थोडाच वाढतो, भाडं मात्र जवळजवळ सगळं हाती राहतं. इंडसचं प्रमाण टॉवरमागे 1.6 भाडेकरूंच्या आसपास असतं. जीटीएलने 2010 मध्ये एअरसेल या मोबाइल कंपनीचे 17,500 टॉवर 8,400 कोटींना घ्यायचं ठरवलं. 2018 मध्ये ही भाडेकरू एअरसेलच दिवाळखोरीत गेली. रिकामा टॉवर म्हणजे नुसतं गंजणारं लोखंड. त्यामुळे 'बाजारमूल्य अधिक कर्ज' याला टॉवरच्या संख्येने नव्हे, भाडेकरूंच्या संख्येने भागा.

डिझेल-विजेचे पैसे ऑपरेटरकडून वसूल होतात. ते उत्पन्नातून वजा करा आणि मार्जिन, म्हणजे नफ्याचं प्रमाण, फक्त भाड्यावर काढा.

आता खरी मेख. टॉवर कंपनीचा छापील नफा जसाच्या तसा कधीच घेऊ नका. इंडसची मोठी भाडेकरू व्होडाफोन आयडियाची बिलं थकली तेव्हा, डिसेंबर 2022 च्या तिमाहीत, इंडसने बुडीत येण्यांसाठी 2,298 कोटींची तरतूद केली, म्हणजे तेवढी रक्कम बुडेल असं धरून नफ्यातून आधीच वजा केली, आणि 708 कोटींचा तोटा दाखवला. त्या तीन महिन्यांत टॉवर बंद पडले नव्हते. पुढे थकबाकी वसूल होऊ लागली आणि डिसेंबर 2024 च्या तिमाहीत 3,024 कोटींची तरतूद उलटून नफ्यात आली. नफा 4,003 कोटी, आधीच्या वर्षीच्या 1,541 कोटींवरून 160 टक्के वाढ! धंदा काही अडीचपट झाला नव्हता.

हिशेब असा करा. 3,024 वर साधारण 25 टक्के कर धरा. उरले सुमारे 2,260. ते 4,003 मधून वजा केले की 1,740 च्या आसपास राहतात. वाढ 13 टक्के. आधीच्या वर्षीच्या तिमाहीतही अशी उलटलेली तरतूद असेल तर तीही काढा. इथेच बरेच जण घसरतात, एकच बाजू साफ करतात. चारही तिमाही अशा धुऊन घेतल्याशिवाय पीई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) काढू नका, नाहीतर वसुलीच्या वर्षात शेअर फुकट वाटतो आणि तरतुदीच्या वर्षात महाग. ताळा म्हणून 'व्यवसायातून आलेली रोकड' तीन वर्षांची एकत्र बघा. तरतुदीने रोकड हलत नाही.

जीटीएलला पीई लावण्यात अर्थ नाही आणि नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी) उणे असल्याने पुस्तकी मूल्यही कामाचं नाही. तिथे थकलेलं कर्ज, त्यावरचं साचलेलं व्याज आणि लेखापरीक्षकांचा शेरा वाचा. त्यात 'गोइंग कन्सर्न'बद्दल, म्हणजे कंपनी पुढे चालू राहण्याबद्दल, शंका दिसली तर पुढचे तक्ते भरत बसू नका.

इंडससाठी शेवटचा एक तक्ता कराच: व्होडाफोन आयडियाचं भाडं पूर्ण शून्य धरा, टॉवरचा खर्च आहे तसाच ठेवा. उरलेल्या नफ्यावर आजचा भाव परवडत असेल तरच ऑर्डर टाका.