उरलेल्या रसाचा हिशोब: ग्रॅनाइटमधले धातूसाठे शिकताना

एमएस्सीला मी पेग्मटाइट (मोठमोठ्या स्फटिकांचा ग्रॅनाइटी खडक), ग्रायझेन, स्कार्न आणि पॉर्फिरी कॉपर हे ग्रॅनाइटशी जोडलेल्या धातूसाठ्यांचे प्रकार चार वेगळे धडे म्हणून पाठ केले होते. तोंडी परीक्षेत एवढंच विचारलं गेलं, "हे कथिल ग्रॅनाइटमध्ये आलं कुठून?" माझी दातखीळ बसली. उत्तर साधं होतं: ते आलं नाही, उरलं.

शिलारस थंड होताना खनिजं आपल्या स्फटिकजाळीत बसतील तेच अणू घेतात. फेल्स्पारला पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम चालतं. क्वार्ट्झला सिलिकाखेरीज जवळपास काहीच नको. बेरिलियम आकाराने फार लहान, सीझियम फार मोठं, टँटलमवर विद्युतभार जास्त. यांना कुणी दारात उभं करत नाही. मग ते उरलेल्या रसात साठत जातात. हे गणित वहीत एकदा स्वतः करा. एखादं मूलद्रव्य स्फटिकांत अजिबात जात नाही असं धरलं, तर ९० टक्के रस थिजल्यावर उरलेल्यात त्याचं प्रमाण दहापट होतं, ९९ टक्क्यांना शंभरपट. दशलक्षात ५ भागांचे ५०० भाग! मला त्या दिवशी पहिल्यांदा विषय कळल्यासारखं वाटलं.

पेग्मटाइटबाबत माझी आणखी एक चूक होती. "सावकाश थंड झालं की स्फटिक मोठे" हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. अमेरिकेच्या साउथ डकोटातल्या एटा खाणीत स्पोड्युमीन या लिथियमच्या खनिजाचे १२ मीटरहून लांब स्फटिक सापडले; मग तिथला रस किती सावकाश थंड झाला असेल? पण पेग्मटाइटच्या कित्येक शिरा पातळ असतात आणि गार खडकात घुसलेल्या असतात, त्यांना सावकाशी परवडणार कशी? खरी मेख पाणी, बोरॉन, फ्लोरिन आणि फॉस्फरसमध्ये आहे. तेही उरलेल्या रसातच साठतात, त्याला पातळ करतात आणि त्याचं थिजण्याचं तापमान खाली खेचतात. स्फटिकांची बीजं मोजकीच पडतात आणि अणू त्यांच्यापर्यंत झपाट्याने पोहोचतात. थोडी बीजं, भरपूर पुरवठा.

पाण्याची गोष्ट तर उलटीच. फेल्स्पार आणि क्वार्ट्झ पाणी घेत नाहीत, त्यामुळे उरलेला रस पाण्याने भरत जातो आणि एका क्षणी ते वेगळं होऊन बाहेर पडतं. म्हणजे थंड होता होता उकळणं! आकारमान वाढतं, माथ्यावरचा खडक तडकतो आणि क्लोरीनयुक्त गरम द्रव धातू घेऊन त्या भेगांत शिरतो. उथळ जागी, काही किलोमीटर खोलीवर, हे मोठ्या प्रमाणावर घडलं की चिलीतल्या चुकिकामाटासारखे पॉर्फिरी कॉपरचे, म्हणजे तांब्याचे, साठे बनतात. त्याच द्रवाने ग्रॅनाइटचा माथा क्वार्ट्झ-अभ्रकात बदलला की ग्रायझेन, चुनखडीशी गाठ पडली की स्कार्न. माझे चार धडे इथे एक झाले. (क्रोमाइट आणि प्लॅटिनम मात्र यात घुसडू नका. ते बेसाल्टी कुळातल्या शिलारसाचं काम, तिथे जड स्फटिक सुरुवातीलाच तळाशी बसतात.)

राहिलं माझं कथिल. ते प्रत्येक ग्रॅनाइटमध्ये उरत नाही. रस ऑक्सिडीकृत (ऑक्सिजनची रेलचेल असलेला) असेल तर कथिल चतुःसंयुजी होतं, म्हणजे त्यावर चार धन भार येतात, आणि ते टायटनाइट, मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं काळं लोहखनिज) अशा खनिजांत टिटेनियम आणि लोहाच्या जागी शिरतं आणि खडकभर विखुरतं. साठा बनायला ते शेवटपर्यंत रसात राहायला हवं, आणि तसं क्षपणीकृत, म्हणजे ऑक्सिजनची चणचण असलेल्या, रसातच होतं. जपानी भूवैज्ञानिक इशिहारांनी १९७७ मध्ये ग्रॅनाइटचे दोन गट पाडले: ऑक्सिडीकृत रसाचा मॅग्नेटाइट गट आणि क्षपणीकृत रसाचा इल्मेनाइट (लोह-टिटेनियमचं खनिज) गट. कथिल बहुधा दुसऱ्यात, पॉर्फिरीचं तांबं पहिल्यात.

म्हणून फील्डला जाताना हँड लेन्सबरोबर एक चुंबकही घ्या. ताज्या, न झिजलेल्या ग्रॅनाइटचा चुरा करून त्यावरून फिरवा. काळे कण भराभर चिकटले, तर कथिलाची आशा तिथेच कमी करायची. रासायनिक विश्लेषण हाती आल्यावर पोटॅशियम-रुबिडियम गुणोत्तर आधी काढा. रुबिडियम उरलेल्या रसात साठत जातं, म्हणून हे गुणोत्तर जितकं खाली, तितका रस उरण्याच्या शेवटाला पोहोचलेला.