पाड्यावर कुटुंब नियोजन पोचवताना या चुका टाळा

धडगाव, मोलगी, तोरणमाळ, शिरपूरचा वरचा पट्टा, चोपडा-यावलच्या पायथ्याचे पाडे. सातपुड्याच्या या भागात दरवर्षी नवी मुलं-मुली कामाला येतात. कोणी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रावर, कोणी एखाद्या संस्थेकडून. हुशार असतात, मनापासून आलेली असतात. तरीही पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्या आधीच्यांनी केलेल्या चुकाच पुन्हा करतात, आणि त्यांची किंमत पाड्यावरची बाई मोजते. म्हणून हे लिहितेय.

सुई टोचली, रजिस्टर भरलं, निघाले

सगळ्यात जास्त नुकसान मी या एका चुकीनं झालेलं पाहिलंय.

अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन २०१७ पासून सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. दर तीन महिन्यांनी एक. चांगलं साधन आहे, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालतं. पण त्यानं पाळीचं चक्र बदलतं. सुरुवातीच्या महिन्यांत मधेच अंगावर जातं, कुणाला थोडं, कुणाला बरेच दिवस. पुढे पाळी थांबते. वर्षभर इंजेक्शन घेणाऱ्या जवळपास निम्म्या बायकांची थांबते. यात धोका नाही, पण हे आधी सांगितलेलं नसेल तर बाई घाबरणारच.

अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर दसऱ्याच्या सुमारास एक पथक आलं. दुपारभरात जमलेल्या बायकांना इंजेक्शन दिलं आणि "आता तीन महिने काळजी नाही" एवढं सांगून गाडी खाली उतरली. दिवाळी झाली तशी ती कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे निघून गेली, जशी दरवर्षी जातात. तिथे फडावर एकीचं रक्त थांबेना. दोघी-तिघींची पाळीच आली नाही. कुणीतरी म्हणालं, रक्त आत साचून गोळा होतोय. रक्त न थांबणाऱ्या त्या बाईला तिथल्या एका खाजगी डॉक्टरानं सलाईन लावून मजुरीचे पैसे काढून घेतले. तिच्याजवळ कार्ड नव्हतं, काय टोचलंय हे तिला सांगता आलं नाही. दुसरा डोस जानेवारीत होता, तो कुणालाच मिळाला नाही.

होळीला ती माणसं परत आली तेव्हा दोघी गरोदर होत्या आणि अख्खा पाडा सुईला भ्यायला लागला होता. लसीकरणाच्या दिवशी आया लेकरं घेऊन नाल्यापलीकडे निघून जायच्या. गोवरची लस चुकलेली ती मुलं माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. एका दुपारच्या घाईचा हा परिणाम.

तिथल्या आशाताई, म्हणजे आशा कार्यकर्त्या, पावरा समाजातल्याच. त्या आणि मी पुढे बरेच महिने त्या पाड्यावर नुसत्या जाऊन बसत होतो. कुठल्याच साधनाचं नाव काढलं नाही. आधी त्या रक्तस्राव झालेल्या बाईचं हिमोग्लोबिन तपासलं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, तालुक्याला नेऊन डॉक्टरांना दाखवलं. मग जुन्या सुईणीच्या ओसरीवर बसून इंजेक्शनानं शरीरात काय होतं ते सांगितलं. सुईणीला पटलं तेव्हा कुठे बाकीच्या बोलायला लागल्या.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. इंजेक्शन देण्याआधी तीन गोष्टी बाईच्या तोंडून परत वदवून घेते: अंगावर जाईल किंवा पाळी थांबेल, पुढची सुई कधी, आणि बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या सुईपासून सात ते दहा महिने लागू शकतात. तिला हे सांगता आलं नाही तर त्या दिवशी सुई देत नाही, छाया या गर्भनिरोधक गोळ्या किंवा निरोध देऊन पुढच्या भेटीला पुन्हा बोलते. पुढची तारीख आकड्यात लिहितेच, पण तोंडी सणावर आणि बाजारावर सांगते. तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत सुई देता येते, हेही सांगते, नाहीतर एक दिवस उशीर झाला की बाई यायचंच सोडते. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्याच हातात द्यायचं.

आणि सगळ्यात आधी विचारायचं: दिवाळीनंतर कुठे जाणार? स्थलांतराचं उत्तर न घेता साधन सुचवणाऱ्याला मी पाड्यावर पाठवत नाही. फडावर जाणाऱ्या बाईशी पोळ्याच्या आसपासच बोलणं सुरू करा. तिला चालत असेल आणि पटत असेल तर तांबीचा (कॉपर-टीचा) विचार करता येतो. ३७५ ची पाच वर्षं, ३८० ए ची दहा वर्षं चालते, फडावर काही सांभाळावं लागत नाही. पण तांबीनं पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं, आणि आपल्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आणि पंडुरोग दोन्ही भरपूर. रक्त तपासल्याशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसवू नका. गोळ्या हव्या असतील तर होळीपर्यंत पुरतील एवढ्या बरोबर द्या. महिन्याच्या वर साठा देता येत नाही असं कुणी म्हणालं तर मी वरिष्ठांशी भांडते, तुम्हीही भांडा.

मार्च महिन्याची धावपळ

वर्षभर पाड्याकडे फिरकायचं नाही आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये नसबंदीच्या शस्त्रक्रियेसाठी बायका गोळा करायला जीप पाठवायची. इतक्या शस्त्रक्रिया झाल्याच पाहिजेत, ही लक्ष्याची सक्ती देशात १९९६ मध्येच कागदावरून गेली, डोक्यातून गेलेली नाही. "यंदा किती केसेस झाल्या?" हा प्रश्न मला अजूनही ऐकू येतो, आणि विचारणाऱ्याला केस म्हणजे फक्त बाईचं ऑपरेशन अभिप्रेत असतं.

घाईचं टोक नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात दिसलं. एका शिबिरात एका सर्जननं काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया केल्या. दिवसाला ३० ची मर्यादा नियमात तेव्हाही होती. डझनाहून जास्त बायका दगावल्या. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देविका बिस्वास यांच्या याचिकेवर शिबिरांची ही पद्धत तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. पाड्यावर काम करणाऱ्या प्रत्येकानं हे वाचलेलं असावं असं मला वाटतं.

शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. चौथ्या बाळंतपणानंतर थकलेली बाई स्वतःहून म्हणते, "ताई, आता बास," तेव्हा तिला ठरलेल्या दिवशी, स्वच्छ टेबलावर, परतीच्या गाडीसकट ती सेवा मिळायलाच हवी. परतीच्या गाडीसकट, हे मुद्दाम लिहिलं. सकाळी नेणारी जीप संध्याकाळी डांबरी संपते तिथे सोडून जाते, आणि टाके घातलेली बाई पुढचा चढ चालत चढते. घरापर्यंत सोडायची सोय झाल्याशिवाय मी नाव नोंदवत नाही. सातव्या दिवशी टाके बघायला कोण जाणार, तेही त्याच कागदावर लिहून घेते. संमतीपत्र वाचून दाखवायचं, तिच्या भाषेत. नवऱ्याची सही कायद्यानं लागत नाही, त्यासाठी बाईला परत पाठवू नका.

भाच्याला दुभाषा करणं

पावरी येत नाही, भिली येत नाही, मग घरातला शाळेत जाणारा पोरगा मधे बसवला जातो आणि त्याच्यासमोर काकूला पाळीची तारीख विचारली जाते. ती काय उत्तर देणार? सासूला मधे बसवलं तरी तेच. आशाताईंनाच बरोबर घ्या, आणि सहा महिन्यांत निदान कामापुरती भाषा शिका. खाली साक्री-शिंदखेड्याकडे अहिराणीत बोललात तर बाई पदराआडून बाहेर येते. जळगावच्या कॉलेजातलं छापील मराठी तिथे ऐकून घेतात, मनावर घेत नाहीत.

अकरा वाजता जाणं

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायला बायका पहाटेच जंगलात जातात. कापूस वेचणीत दिवसभर शेतात असतात. अकरा वाजता तुम्हाला म्हातारी माणसं आणि कोंबड्या भेटतील. संध्याकाळी जा, मुक्काम करा. मुक्कामाला नाही म्हणणाऱ्या नवख्यांबद्दल माझं मत फार चांगलं नाही. आणि पाटीलपाड्यावर बैठक घेऊन "गाव झालं" असं लिहू नका. एका गावाचे पाडे दोन-दोन डोंगरांवर पसरलेले असतात.

पुरुषांना वगळणं

पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि सुरक्षित आहे. पोट उघडावं लागत नाही, त्याच दिवशी माणूस घरी जातो, दोन दिवस विश्रांती पुरते. तरी आमच्या बैठकांना पुरुष दाराबाहेर बिडी ओढत उभे. "ओझं उचलता येणार नाही" ही भीती खरी आहे, तिला हसू नका. मी ज्यानं करून घेतलंय आणि जो आजही मोळी वाहतोय, त्यालाच बोलायला लावते. माझ्या दहा भाषणांनी होत नाही ते त्याच्या एका वाक्यानं होतं. एक गोष्ट मात्र कधीच गाळू नका: नसबंदीनंतर पहिले तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. हे न सांगितल्यामुळे दिवस राहिले, तर नवरा बायकोवर संशय घेतो. मारहाणीपर्यंत गेलेली घरं मी पाहिली आहेत.

थोडक्यात काही

छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, आणि तोच वार कायमचा पक्का. रोजची गोळी समजून देणारे भेटलेत मला.

निरोध आणि गोळ्या पत्र्याच्या खोलीत, मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो.

नव्या जोडप्याला विसरू नका. "मुलं किती?" हाच पहिला प्रश्न असेल तर मूल नसलेली मुलगी यादीत येतच नाही.

साठा मोजल्याशिवाय शब्द देऊ नका.

तांबी काढायला आलेल्या बाईला परत पाठवणं

बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते. सोयीचं आहे, म्हणूनच विचारणं राहून जातं. कळा देणाऱ्या बाईनं मान हलवली ही संमती धरायची नाही. सातव्या महिन्यात विचारा, कार्डावर लिहा, बाळंतपणानंतर पुन्हा विचारा. न सांगता बसवलेली तांबी बाईला कधीतरी कळतेच, आणि मग पुढच्या बाळंतपणाला तिचं घर तिला दवाखान्यात पाठवत नाही.

आणि ती काढायला आली तर काढून द्या. "अजून सहा महिने बघ", "नवऱ्याला घेऊन ये", "आमचा आकडा कमी होतो" असलं काही बोलू नका. ती दोन डोंगर उतरून आलेली असते, त्याच दिवशी काढा. का काढायची ते विचारा, पण हात धुऊन साहित्य मांडता मांडता. रक्त जास्त जातंय म्हणाली तर हिमोग्लोबिन बघा. मूल हवंय म्हणाली तर लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या द्या. दुसरं साधन हवं असेल तर तिथेच द्या. नोंद काढल्याच्या रकान्यात खरी करा, आणि पुढच्या फेरीत तिच्या घरावरून जाताना थांबा.