अर्जातला अप्रस्तुत मजकूर कसा ओळखावा

एखादी गोष्ट अप्रस्तुत आहे, असे म्हणताना ती खोटी किंवा क्षुल्लक आहे, असे आपण म्हणत नसतो. समोरच्या प्रश्नाचा निर्णय करण्यात तिचा उपयोग नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे लिहायला बसण्यापूर्वी, आपण कोणाकडे नेमके काय मागत आहोत, हे एका वाक्यात कागदावर उतरवावे. ते वाक्य जमले नाही, तर पुढची छाननी करताच येत नाही.

कोकणातले नेहमीचे प्रकरण घेऊ. बागेत जाणाऱ्या पाणंदीवर भावकीतल्या कोणीतरी गडगा घातला आणि वाट बंद झाली. अर्जाचा पहिला खर्डा बहुधा असा असतो: ‘प्रतिवादी माझे चुलत बंधू असून मुंबईच्या खोलीच्या व्यवहारातही त्यांनी आम्हाला फसवले, गेल्या गणपतीत आमच्या माणसांना भरल्या पानावरून उठवले आणि आता तर पाणंदच अडवली.’ यातले अक्षरन् अक्षर खरे असू शकते. परंतु मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांपुढे प्रश्न असतो तो शेतजमिनीकडे जाणाऱ्या वाटेला बेकायदा अडथळा झाला का, आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला का, हा. खोली आणि पान यांपैकी कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. उलट सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे अडवणुकीची तारीख, या रागाच्या भरात लिहायचीच राहून गेली आहे. माझ्या मते अप्रस्तुत मजकुराचा खरा तोटा हाच आहे.

तोच मजकूर असा लिहावा: ‘माझ्या गटातील आंबाबागेत जाण्याच्या वहिवाटीच्या पाणंदीवर प्रतिवादीने अमुक तारखेस दगडी गडगा घातल्याने कलमांकडे जाणे-येणे व आंब्याच्या पेट्या बाहेर काढणे बंद झाले आहे, तो अडथळा दूर करावा.’ गट क्रमांक, चतुःसीमा, कागदपत्रे आणि साक्षीदारांची यादी एवढी जोड दिली की पुरे. बाकीच्या कथेला संध्याकाळच्या गजाली आहेतच.

मात्र कात्री चालवताना सावध राहावे, कारण प्रश्न बदलला की प्रस्तुत काय, तेही बदलते. आजोबा याच वाटेने जात असत, ही हकिकत तहसीलदारांपुढे पार्श्वभूमी म्हणून एका ओळीत आटोपते. पण दिवाणी न्यायालयात वहिवाटीने मिळालेला सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यासारखा हक्क, सांगायचा असेल, तर सुविधाधिकार अधिनियम, 1882 नुसार वीस वर्षांचा अखंड, उघड वापर दाखवावा लागतो आणि तिथे आजोबाच मुख्य मुद्दा होतात. गडगा घालताना कोणी कोयता उगारला असेल, तर ती बाब पोलीस तक्रारीत अग्रभागी यावी.

प्रतिपक्षाच्या म्हणण्याला उत्तर देताना ‘हा मजकूर अप्रस्तुत आहे’ एवढेच लिहून थांबू नये. कोणत्या मुद्द्याच्या दृष्टीने आणि का, तेही लिहावे. ‘खोलीच्या व्यवहाराचा पाणंदीच्या वापराशी संबंध नसल्याने तो मजकूर या दाव्याच्या निर्णयासाठी अप्रस्तुत आहे’, असे पूर्ण वाक्य शोभते. नियमच लागू होत नसेल तर ‘गैरलागू’ म्हणावे. ‘असंबद्ध’ हा शब्द एकमेकांशी न जुळणाऱ्या बोलण्यासाठी राखून ठेवावा, कारण तो माणसालाच लागतो आणि भांडण वाढवतो. प्रस्तुत तेवढेच मांडण्याचे बंधन न्यायालयातल्या पुराव्यालाही आहे: भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 3 प्रमाणे वादातील तथ्ये आणि त्या कायद्याने संबद्ध ठरवलेली तथ्ये यांचाच पुरावा देता येतो, इतर कशाचा नाही.

माहिती अधिकाराच्या अर्जात तर कारण सांगण्याचीही गरज नाही. 2005 च्या अधिनियमाचे कलम 6(2) अर्जदाराला त्यातून स्पष्टपणे मोकळे करते. तरीही पाणंदीच्या नोंदीची नक्कल मागताना अनेक जण दोन पाने अन्यायाची कहाणी लिहितात. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे असा अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणतः 150 शब्दांच्या आतला असावा लागतो. तेव्हा गावाचे नाव, गट क्रमांक, हवा असलेला दस्तऐवज आणि कालावधी एवढेच लिहून खाली सही करावी.