खेकड्यांचे रोग आणि परजीवी: कोकणात काम सुरू करणाऱ्यांसाठी

खेकड्यांच्या रोगांवर प्रकल्प घेतलेला विद्यार्थी आधी सूक्ष्मदर्शक कुठे मिळेल ते विचारतो. त्याआधी बंदरावर लिलाव किती वाजता होतो ते विचारावं. मिरकरवाडा असो, हर्णै असो की मालवण, एकदा माल निवडला की नमुना बिघडलाच. हलके, मऊ, पोटाखाली गाठ आलेले खेकडे टोपलीत येतच नाहीत, वाळूवर जातात. आपल्याला हवे असतात नेमके तेच. त्यामुळे जाळं सोडवताना तिथे बसा आणि फेकायच्या मालासकट सगळे खेकडे विकत मागा. जाळ्याचा प्रकारही लिहून ठेवा. आमिषाच्या सापळ्यात भुकेला, हिंडता-फिरता खेकडा येतो, सुस्त पडलेला येईलच असं नाही. सापळ्याचे आणि ट्रॉलचे (बोटीमागे ओढायच्या जाळ्याचे) आकडे एकत्र केले तर निष्कर्षाला अर्थ उरत नाही.

1 जून ते 31 जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. ती पोकळी खाडीतल्या चिंबोरीने भरायचा मोह होतो. तसं करू नका. कांदळवनातली स्कायला (म्हणजे हीच चिंबोरी) वेगळी आणि समुद्रातला निळा किंवा तीन ठिपक्यांचा खेकडा, पोर्ट्युनस, वेगळा. तक्त्यात ते दोन महिने रिकामेच दिसू द्यावेत.

पहिली पाहणी नुसत्या डोळ्यांनी होते. खेकडा उलटा करा आणि पोटावरची झडप उघडा. इथे नवखे हमखास फसतात ते सॅक्युलिनात. हा परजीवी बार्नॅकलचाच (खडकांना, होड्यांना चिकटणाऱ्या कवचधारी प्राण्याचाच) भाऊबंद, पण वाढल्यावर त्याला ना कवच, ना पाय, ना तोंड. खेकड्याच्या अंगभर मुळांसारखे धागे पसरतात आणि बऱ्याच काळाने झडपेखाली पिशवी बाहेर येते. लाखेवरची, म्हणजे अंडी धरलेली, चिंबोरी समजून तिची नोंद होते आणि पुढचं सगळं गणित चुकतं. अंड्यांचा पुंजका दाणेदार असतो आणि झडपेखालच्या केसाळ उपांगांना धरून असतो. रंग आधी नारिंगी, मग तपकिरी, शेवटी काळपट. सॅक्युलिनाची पिशवी गुळगुळीत असते आणि मधोमध आखूड देठाने चिकटलेली असते. चिमट्याने ओढून बघा. अंडी सुटी होऊन येतात, पिशवी अखंड राहते.

दुसरी फसगत नर-मादीची. बाधित नराची झडप मादीसारखी रुंद होते आणि तो ती पिशवी स्वतःची अंडी असल्यासारखी सांभाळतो. झडपेच्या आकारावर विसंबू नका, आतली उपांगं मोजा. नराला दोन जोड्या, कडक, सळईसारख्या. मादीला चार, केसाळ. बाधित नरात त्या सळया खुरटलेल्या असू शकतात, म्हणून शंका असेल तिथे 'शंका' असंच लिहा. पिशवी गळून पडली असेल तर देठाच्या जागी व्रण राहतो, तोही नोंदवा. पिशवी बाहेर यायच्या आधीची बाधा मात्र खेकडा फाडल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे नुसत्या झडपा उघडून काढलेला आकडा खऱ्यापेक्षा कमीच असतो.

कवचाची रुंदी व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या सरकत्या पट्टीने), दोन्ही बाजूंच्या शेवटच्या, नवव्या काट्यांच्या टोकांमध्ये मोजा. काटा मोडला असेल तर तसं लिहा, अंदाजाने मिलिमीटर वाढवू नका.

कल्ले बघायचे तर खेकडा आधी बर्फाच्या पाण्यात 15-20 मिनिटं ठेवून बधिर करा. कडेने कवच कापून उचला. दोन्ही बाजूंना आठ-आठ कल्ले असतात. ते सुटे करून समुद्राच्या पाण्यात पसरा आणि पालटून शरीराकडची बाजूही बघा, ऑक्टोलॅस्मिस तिथेच दडलेला असतो. हा देठाचा छोटा बार्नॅकल. मोजताना डोकी नाही, देठ मोजा. एकाच बाजूचे कल्ले मोजून आकडा दुप्पट करायची पळवाट बरेच जण काढतात. दोन्ही बाजू सारख्या भरलेल्या असतीलच असं नाही. कात टाकली की हे पाहुणे कवचाबरोबर जातात, म्हणून कवच मऊ की कडक, हा रकाना हवाच. नळाच्या गोड्या पाण्याने धुतलं तर लहान किडे नमुन्यातून निघून जातात.

रक्तासाठी पोहण्याच्या चपट्या पायाच्या बुडाची मऊ त्वचा 70 टक्के अल्कोहोलने पुसा आणि बारीक सुईने 0.1-0.2 मिलि काढा. निरोगी रक्त पारदर्शक किंवा फिकट निळसर दिसतं. दुधाळ असेल आणि गोठत नसेल तर हेमॅटोडिनियमचा, रक्तातल्या एकपेशीय परजीवीचा, संशय घ्या, पण नुसत्या रंगावरून नाव देऊ नका, जिवाणूंमुळेही रक्त गढुळतं.

पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू भारतीय कोळंबी शेतीत 1994 पासून धुमाकूळ घालतो आहे. खाडीतला खेकडा ठणठणीत दिसूनही तो वाहू शकतो. पीसीआरसाठी (विषाणूचा डीएनए शोधायच्या चाचणीसाठी) कल्ल्याचा तुकडा दहापट 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, फॉर्मेलिनमध्ये नाही. प्रत्येक खेकड्यानंतर कात्री ज्योतीवर धरा, नाहीतर एका बाधिताच्या पाठोपाठ सगळेच बाधित निघतील. ऊतींच्या कापांसाठी डेव्हिडसनचं द्रावण (ऊती टिकवणारं मिश्रण) सुईने आत टोचा, कवचातून ते झिरपत नाही. 24 ते 48 तासांनी 70 टक्के अल्कोहोलमध्ये हलवा.

हिशेब सोपा, पण गल्लत नेहमीची. समजा 60 खेकड्यांपैकी 12 बाधित आणि परजीवी एकूण 84. बाधेचं प्रमाण 20 टक्के. सरासरी तीव्रता 7, कारण भागायचं ते 12 ने. 60 ने भागलं तर 1.4 येतं, ती विपुलता. ज्यात काही सापडलं नाही त्याच्यापुढे शून्य लिहा. रिकामी चौकट म्हणजे 'बघितलंच नाही'.

बंदरावर एक प्रश्न येणारच: 'हे खाल्लं तर चालेल काय?' सॅक्युलिना किंवा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू माणसाला बाधत नाही, हे बेधडक सांगा. गोड्या पाण्यातला खेकडा मात्र कच्चा किंवा अर्धकच्चा नको. ईशान्य भारतात त्यातून फुफ्फुसाचा पर्णकृमी माणसात येतो. आणि अल्कोहोल-फॉर्मेलिन लागलेला एकही खेकडा परत टोपलीत जाऊ देऊ नका, कोणी कितीही मागितला तरी.