नात्यात लक्ष हवे असते तेव्हा: या चुका टाळा

लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांत घराघरांत एक तक्रार ऐकू येऊ लागते, ‘तुमचं माझ्याकडं लक्षच नसतंय’, आणि तिला बहुधा ठरलेलेच उत्तर मिळते, ‘तुझं सारखं काय कौतुक करत बसायचं?’ वाद वाढला की वडीलधारी माणसे ‘भांड्याला भांडं लागायचंच’ म्हणून तो सोडून देतात आणि मित्रमंडळी मोबाइलवर वाचलेली एखादी संज्ञा चिकटवून मोकळी होतात. मूळ प्रश्न मात्र तिथेच राहतो. लक्ष हवेसे वाटणे यात वावगे काही नाही; ते मागण्याची जी रीत लहानपणी अंगवळणी पडली, ती मोठेपणी आड येते, आणि ती रीत ओळखण्यात व बदलण्यातच बहुतेक जोडपी चुकतात.

गरजेलाच नाटक ठरवणे

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात असे मांडले की, मुलाला आईची किंवा तिच्या जागी असलेल्या व्यक्तीची ऊबदार व अखंड जवळीक मिळणे त्याच्या मानसिक आरोग्यासाठी आवश्यक असते. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी प्रथम युगांडातील खेड्यांत आणि पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे माय-लेकरांचे बारकाईने निरीक्षण केले. साधारण वर्षाच्या बाळाला अनोळखी खोलीत थोडा वेळ सोडून आई बाहेर गेली, तर ती परतल्यावर बाळ काय करते, हे त्यांनी पाहिले. काही बाळे आईला बिलगून लगेच शांत होत व पुन्हा खेळू लागत. काही बिलगतही आणि रागाने ढकलतही, त्यांची समजूत पटत नसे. काही मात्र आई आलीच नाही अशा थाटात खेळण्यांत मान घालून बसत.

या फरकाचे मूळ बऱ्याच अंशी रोजच्या वागण्यात असते. हाकेला कधी धावून येणारी आणि कधी खेकसणारी माणसे भोवती असतील, तर मूल आवाज चढवायला शिकते, कारण कोणत्या हाकेला ओ मिळेल याचा त्याला नेम नसतो. रडल्यावर दर वेळी ‘गप बस’ एवढेच ऐकू आले, तर ते मागणेच सोडून देते. सिंडी हझान आणि फिलिप शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये हेच आकृतिबंध प्रौढांच्या प्रेमसंबंधांत तपासले, तेव्हा तिथेही त्यांची ओळखू येईल अशी छाया आढळली. म्हणून, जोडीदार लक्ष मागतो तेव्हा त्याला नाटकी ठरवणे म्हणजे लहानपणीचे ‘गप बस’ पुन्हा ऐकवणे होय, आणि त्याने मागणी कमी होत नाही, तिचा सूर तेवढा बिघडतो.

बालपणात एकच गुन्हेगार शोधणे

ही चूक शिकलेल्या माणसांकडून अधिक होते. आई पहाटे धारा काढून डेअरीला दूध घालायला जायची, वडील गळीत हंगामात महिनोन्महिने कारखान्याच्या पाळ्यांत अडकलेले असायचे, म्हणून आपण असे झालो, हा निष्कर्ष फार घाईचा आहे. कष्टामुळे वेळ कमी मिळणे आणि मिळालेल्या वेळात मुलाची दखल न घेणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली आणि तेव्हापासून आजवर असंख्य मुले घरापासून दूर कोल्हापुरात राहून शिकली. ती सगळी काही जवळिकीला पारखी झाली नाहीत. आजी, मामी, एखादी शिक्षिका किंवा वसतिगृहातला मोठा मुलगा यांपैकी कुणी एकाने जरी नेमाने विचारपूस केली, तरी मुलाला पुष्कळ आधार मिळतो. शिवाय बालपणीचे बंध आणि प्रौढपणीचे नाते यांचा संबंध असला, तरी तो अटळ नसतो. वाट्याला आलेल्या उपेक्षेचा नीट विचार केलेली आणि पुढे भरवशाचे माणूस लाभलेली माणसे स्थिर नाती जोडू शकतात.

न सांगता परीक्षा घेणे

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक माझ्या मते हीच. एक कल्पित पण अनेकांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. नवरा कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला, बायको शहरातल्या राजारामपुरीत एका दुकानाचे हिशेब पाहणारी. दुपारी ती रोज मेसेज करते, ‘जेवलासा काय?’ एके दिवशी मशीन बंद पडल्याच्या गडबडीत तो केवळ ‘हं’ असे उत्तर देतो. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम मेसेज करत नाही. स्वतःहून विचारतोय का ते बघू, असे मनाशी ठरवते. दोन निळ्या खुणा, शेवटचा ऑनलाइन दिसलेला वेळ, मित्राच्या स्टेटसवर त्याने दिलेली प्रतिक्रिया, या सगळ्यांचा हिशेब ती संध्याकाळपर्यंत ठेवते. रात्री तो गाडी लावून आत येतो, ताट वाढलेले असते आणि ती बोलत नसते. ‘काय झालं?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हे उत्तर येते. तो मुकाट्याने जेवतो, कारण त्याच्या लहानपणी घरात कुणी गप्प झाले की त्या माणसाच्या वाटेला जायचे नाही, हाच शहाणपणा होता. तिच्या घरी मात्र ती गप्प झाली की वडिलांना कधीतरी दया यायची आणि ते तिला गंगावेशीत दूध प्यायला घेऊन जायचे. दोघेही आपापल्या घरचा धडा तंतोतंत गिरवत असतात.

अशा परीक्षेची अडचण अशी की समोरचा उत्तीर्ण झाला तरी समाधान टिकत नाही. ज्याला प्रश्नपत्रिकाच दिलेली नाही तो पास झाला तर ‘योगायोगाने झाला’ असे वाटते आणि नापास झाला तर जुनी भीती खरी ठरते. त्यातही अधूनमधून मिळालेले लक्ष सवय अधिक घट्ट करते. बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसेल तर वागणे सुटता सुटत नाही, ही बाब वर्तनशास्त्रात सुपरिचित आहे. उपाय अगदी साधा, तरीही अवघड: मागणी लहान, स्पष्ट आणि वेळ सांगून करावी. ‘तुमचं लक्षच नसतंय’ याऐवजी ‘घरी आल्यावर दहा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून माझ्याजवळ बसा’ असे म्हटले, तर समोरच्याला नेमके काय करायचे ते कळते. त्यालाही त्या क्षणी जमणार नसेल, तर ‘आत्ता नको, साडेनऊला बसू’ असे सांगून साडेनऊला खरोखर बसावे. पाळलेला शब्द चिंताग्रस्त मनाला भेटवस्तूपेक्षा अधिक शांत करतो.

गप्प माणसाला गरज नाही असे समजणे

एन्सवर्थ यांच्या पद्धतीच्या पुढील संशोधनात, आईकडे पाठ फिरवून खेळणाऱ्या बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा तेही वाढलेले आढळले. वरवर निवांत दिसणारी बाळे आतून अस्वस्थच होती. रांगड्या बोलण्याचे कौतुक असणाऱ्या आपल्या कोल्हापूर भागात पुरुषाने हळवे बोलणे आजही जरा कमीपणाचे मानले जाते. तालमीत, कट्ट्यावर ‘भावा’ म्हणून जीव लावणारा माणूस घरी बायकोला ‘आज जरा बस की जवळ’ म्हणू शकत नाही. अशा माणसाला ‘मनातलं बोल’ म्हणून कोंडीत पकडू नये. रंकाळ्यावर फेरी मारताना किंवा गाडीवरून जाताना, डोळ्याला डोळा न भिडवता, तो अधिक बोलतो.

मलमपट्टी करत राहणे

उलट टोकाची चूकही होते. दर तासाला फोन करणे, ठिकाण कळवत राहणे, ‘तुझ्यावरच प्रेम आहे’ हे दिवसातून वीस वेळा सांगणे, याने भीती तेवढ्यापुरती दबते आणि पुढच्या वेळी मात्रा वाढवावी लागते. दिलासा ठरावीक आणि खात्रीचा असावा. मधल्या वेळेत अस्वस्थता सहन करण्याचा सराव ज्याचा त्यानेच करायचा असतो. मैत्रीण, बहीण, भजनी मंडळ, कामाचे ठिकाण, असे आधार अनेक असले की सगळा भार एका माणसावर पडत नाही. भांडणात ‘तुझ्या आईनंच तुला असं केलंय’ हे वाक्य तर कधीही उच्चारू नये. त्यानंतर विषय लक्षाचा राहत नाही, सासर-माहेराचा होतो.

लक्ष हवे म्हणून जोडीदाराचा मोबाइल तपासणे, त्याची माणसे तोडणे, जिवाचे बरेवाईट करण्याची धमकी देणे किंवा हात उचलणे सुरू झाले असेल, तर वरील उपाय पुरेसे नाहीत. बालपण कितीही खडतर असले तरी त्याने हिंसेला माफी मिळत नाही. मार सोसणाऱ्याने समजूत घालत बसण्याआधी स्वतःची सुरक्षितता पाहावी. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. जीव देण्याची भाषा हा केवळ लक्ष वेधण्याचा प्रकार म्हणून झटकून टाकू नये. टेली-मानस या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते, आणि प्रत्यक्ष भेटायचे असल्यास मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे दोघांनी मिळून जावे. जोडीदार यायला तयार नसेल, तर एकट्याने जाऊनही सुरुवात करता येते.