छोटा ओव्हन खरंच कमी वीज खातो का? घरीच असं मोजा

लेबलवरचे वॅट बघून कुठलं उपकरण जास्त वीज खातं ते ठरवा, हा सल्ला सगळीकडे फिरतो आणि तो चुकीचाच आहे. वॅट म्हणजे नुसता वेग. 1000 वॅट तासभर सलग चाललं की 1 युनिट जातं. 2000 वॅटची किटली ऐकायला भारी वाटते पण लिटरभर पाणी तीनेक मिनिटांत उकळून बंद होते, म्हणजे जेमतेम 0.1 युनिट.

प्लगला लावायचा एनर्जी मीटर घ्या, त्यावर किती अँपिअर चालतात ते बघूनच. मोठा ओव्हन थेट वायरिंगला जोडलेला असेल तर घरातलं बाकी सगळं बंद करून, फ्रीजसकट, मेन मीटरचा लुकलुकणारा दिवा मोजा. किती लुकलुकींना 1 युनिट ते मीटरवरच छापलेलं असतं.

आता खरी गोची. मला बरेच दिवस एकाच ओव्हनचे दोन आकडे कधी जुळायचेच नाहीत. कारण थर्मोस्टॅट. ओव्हन तापला की तो कॉइल बंद करतो, जरा गार झाला की परत चालू, त्यामुळे 2400 वॅटचा ओव्हन तासभर लावला म्हणून 2.4 युनिट जात नाहीत, बरीच कमी जातात. पण सुरुवातीला तापताना तो सलग पूर्ण जोरात ओढतो, आणि लोक नेमकं तेच सोडून बीप वाजल्यावर मोजायला लागतात! प्रीहीट धरायचाच. उपकरण पूर्ण गार असताना सुरू करा, स्विच दाबायच्या आधी रीडिंग घ्या आणि पदार्थ बाहेर काढल्यावर दुसरं. मधे दार उघडून डोकावू नका. आधीच्या घाण्याने गरम असलेल्या ओव्हनचा आकडा तर सरळ फेकून द्या.

दोन्हीकडे वजन सारखंच घ्या. मूठभर बटाट्यांना एअर फ्रायर जिंकणारच, तापवायला लोखंड आणि हवा दोन्ही कमी. पण तेच पूर्ण ट्रेभर असतील आणि छोट्यात चार घाणे काढावे लागत असतील तर चारही घाण्यांची बेरीज करा, मग बघा, मोठा ओव्हन पुढे जाऊ शकतो.

मायक्रोवेव्हवरचे 800 वॅट बहुतेक वेळा आत पोचणारी ताकद असते, भिंतीतून तो 1200च्या आसपास ओढतो. म्हणून तिथेही मीटरचाच आकडा घ्या, आणि नुसतं पाणी उकळायचं असेल तर किटलीच लावा.